न्हाणीतलं बोलणं

पुंडलिकनगरच्या रस्त्यावर भाजीच्या गाड्यापाशी कारभारी मेथीची जुडी हातात घेऊन उभा होता, तेव्हा फोन वाजला. त्याच्या बायकोच्या, सरूच्या आजारपणात घरी येणाऱ्या पद्मजाताईंचा होता. सरू गेल्यापासून त्यांचा फोन आला नव्हता, त्यामुळं नाव दिसल्यावर त्याला क्षणभर वाटलं, गोळ्या संपल्या का विचारतील. "काका, बुधवारी सकाळी येऊ का? या वेळी तुमच्यासाठी येणार आहे." तो म्हणाला, "माझ्यासाठी कशाला?" "असं कसं? काकू गेल्या म्हणून आम्ही घर सोडत नाही. मागं राहिलेल्या माणसाकडंही बघावं लागतं. आता आमच्या साखळीत तुम्ही." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि शनिवारी उस्मानपुऱ्यात आमची बैठक आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, सगळे असतात. तिथं काकूंची केस मांडावी म्हणतेय. वाचा पूर्ण बंद झालेलं म्हातारपणातलं नैराश्य. असं फार क्वचित दिसतं. नाव नाही घेणार. सगळ्यांना शिकायला मिळेल. तुमची हरकत नाही ना?" कारभारी म्हणाला, "नाय." फोन बंद झाला. गाडेवाला त्याच्या हाताकडं बघत होता. "चाचा, लेना है तो लो ना. हाथ में ही पका डालोगे क्या?" जुडीचा पार चेंदा झाला होता. त्यानं पैसे दिले आणि जुडी गाड्यावरच ठेवून तो घराकडं निघाला.

वाचा बंद. सरूची वाचा. चालता चालता त्याला हसू आलं, आणि ते तोंडात कडू झालं. लग्न होऊन आली ती दुष्काळाच्या साली. विहिरीला पाणी नव्हतं, पण हिच्या तोंडाला खळ नव्हता. खडी फोडायच्या कामावर बायकांच्या रांगेत ती बसायची आणि मुकादमाची अशी नक्कल करायची की हातोडे थांबायचे. थोरली जाऊ द्वारकाबाई म्हणायची, "ही मेल्यावर हिचं तोंड येगळं जाळावं लागंल." पुढं कारभारी वाळूजला कंपनीत लागला, शहरात आला, तेव्हा पहिल्या पाळीची बस पकडायला तो पहाटे निघायचा आणि ही दारापर्यंत बोलत यायची. काल काय झालं, आज काय आणायचं, शेजारणीनं उसना नेलेला रवा कसा परत दिला नाही. बस चुकेल म्हणून तो वैतागायचा. "आगं, बास की." "मंग दिवसभर कुणासंगं बोलू? भांड्यासंगं?" अशी बाई. तिची वाचा पूर्ण बंद झाली होती असं आता उस्मानपुऱ्यातल्या खोलीत दहा शिकलेली माणसं ऐकणार, मान हलवणार, चहा पिणार.

पण ती माणसं खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती. त्यांच्यासमोर ती कधीच बोलली नाही. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं. डोक्यावरून पदर पार भुवईपर्यंत ओढलेली म्हातारी, भिंतीला पाठ लावून खाली बसलेली, नजर फरशीवर, विचारलं तर बोटानं फरशीची फट कोरणारी. आणि समोरच्या लाकडी खुर्चीवर, हातात काठी धरून, नाना.

नानासाहेब कारभारीचे थोरले भाऊ. रझाकारांच्या गडबडीत बाप गेला तेव्हा कारभारी आईच्या पोटात होता. नाना तेव्हा पोरगेलेच, पण त्यांनी शाळा सोडून औताचा रुमणा धरला तो धरलाच. कारभारीला त्यांनी गंगापूरला शिकायला ठेवला, स्वतः अनवाणी हिंडून त्याला चपला घेतल्या. या माणसाला कारभारीनं जन्मात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. कधी म्हणावं असं त्यांनी सांगितलंही नव्हतं. नानांच्या पोटी मूल नव्हतं. द्वारकाबाई गेल्यावर गावात ते एकटे स्वतःच्या हातानं भाकऱ्या थापायला लागले, तेव्हा सरूच म्हणाली होती, "आणा त्यानला. म्हाताऱ्या माणसानं चुलीपुढं बसावं का?" नाना आले. पुढच्या खोलीत खाट टाकली, खुर्ची टाकली, आणि सरूच्या डोक्यावर पदर आला.

भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढं बाईनं बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, तो बसलेला असेल त्या खोलीतून जायचं झालं तर भिंतीकडं तोंड करून जायचं. गावाकडं हे कुणाला जड नव्हतं. घर मोठं, माजघर बायकांचं, भाया दिवसभर रानात. नानांना काही सांगायचं झालं तर पोरांच्या तोंडून सांगायचं. "जा रं, नानांना म्हणावं जेवायला वाढलंय." पुंडलिकनगरच्या घराला तीन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं, आणि नाना रानात नाहीत, खुर्चीत. पोरगी जालन्याला दिलेली, पोरगा पुण्याला. मधे बोलायला कुणी नाही. जेवण झालं की सरू चौकटीवर तांब्या वाजवायची. नाना खाकरून उठायचे. दोघंही रीत अशी पाळायचे की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. शेजारच्या आशाबाईनं एकदा म्हटलंही होतं, "काकू, आजकाल कोण करतं असलं? डोकं उघडं ठेवलं तर काय म्हातारा फाशी देणार हाय का?" सरू म्हणाली, "फाशी नाय गं देणार. पर त्यानला लाज वाटंल." नानांना लाज वाटेल. आपल्याला नाही.

सुरुवातीला ती गच्चीवर जायची. पापड, कुरडया, काहीतरी वाळत घालायचं निमित्त. कारभारी मागून जायचा आणि तिथं ती तासभर बोलायची, पदर खांद्यावर, केस वाऱ्यावर. मग गुडघे गेले. जिना बंद झाला. त्यानंतर काय आणि कसं होत गेलं ते कारभारीला नीट सांगता येत नाही. ताटात डाळ घेऊन बसायची आणि खडे न निवडता तशीच बसून राहायची. झोप गेली. डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते आपलं नाही असं ती वागायची. आजार होता. तो नव्हता असं कारभारी कधी म्हणत नाही. पहिल्या गोळ्यांनी तिला चार घास जास्त जायला लागले, हेही त्यानं पाहिलं. दवाखान्यातूनच ही साखळी लागली. एक मनाचे डॉक्टर, त्यांची नर्स, पाय हलवायला शिकवणारा एक पोरगा, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या पद्मजाताई. म्हाताऱ्या माणसाला दहा दारं हिंडवायची नाहीत, दहा जणांनी मिळून त्याच्या दारी यायचं, असा त्यांचा विचार. चांगला विचार. त्यांचा आपसात फोनवर गट होता. नर्सनं काय पाहिलं ते डॉक्टरांना कळायचं, डॉक्टर काय म्हणाले ते पद्मजाताईंना. कारभारीनं आयुष्यभर कंपनीत पाळ्या बदलताना पाहिल्या होत्या, एक माणूस दुसऱ्याला मशीन सोपवताना नीट सांगत नाही आणि मग नुकसान होतं. इथं सगळे एकमेकांना नीट सांगत होते. त्याला त्यांचं कौतुक वाटायचं.

पहिल्या दिवशी पद्मजाताई म्हणाल्या होत्या, "आम्हाला दोघींनाच थोडा वेळ बोलता येईल का?" नाना खुर्चीत सरसावून बसले. "बोला की ताई. मी काय परका हाय का? लेकरासारखी हाय ती मला. तिला बरं नाय तर मी आत जाऊन पडू व्हय?" आणि हसले. नानांचं हसणं मोठं गोड. दात नसलेलं, सगळं तोंड भरून. पद्मजाताईही हसल्या. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला उठा कसं म्हणायचं? त्यांच्या घरातला संस्कार तसा नसावा, आणि हाही प्रकार त्यांच्या घरातला नसावा. त्यांनी कारभारीकडं पाहिलं. कारभारीनं पंख्याकडं पाहिलं. मग त्या सरूजवळ खाली बसल्या आणि मऊ आवाजात विचारत गेल्या. काकू, मनात काय येतं? काकू, कशाची भीती वाटते का? काकू, आज वार कोणता? सरू फरशीची फट कोरत राहिली. नाना म्हणाले, "सोमवार हाय. सांग की. सोमवार म्हण." त्यांना खरंच तळमळ वाटत होती.

दर भेटीला हेच. नर्स आली तरी नाना, डॉक्टर स्वतः आले तरी नाना. उलट आधी विचारून ठेवायचे, "आज कोण येणार?" आणि धुतलेला सदरा घालून बसायचे. पाहुण्याला शेंगा पुढं करायचे. डॉक्टरांना एकदा म्हणाले, "साहेब, तुमची गोळी आमच्या खिलाऱ्या बैलाला दिली असती तर तोबी हसला असता, ही काय हसंना." डॉक्टर पोट धरून हसले. आणि त्याच दिवशी, जाता जाता, नाना काळजीनं म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. आता नवीनच सुरू झालंय. न्हाणीत गेली की एकटीच बोलती. मला इथवर कुजबुज ऐकू येती. शब्द कळत नाय. पर कुणाशी तरी बोलल्यावाणी." डॉक्टरांचं हसणं थांबलं. त्यांनी कारभारीला विचारलं, "असं होतं का?" कारभारी म्हणाला, "व्हय, होतं." खरंच होत होतं. डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, नर्सनं पद्मजाताईंना, पद्मजाताईंनी पुन्हा विचारून खात्री केली. आवाज ऐकू येत असावेत, कुणाला तरी उत्तर देत असाव्यात. सगळ्यांचं सांगणं एकच निघालं म्हणून ते पक्कं ठरलं. ते सगळं मुळात नानांकडूनच आलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणखी एक गोळी वाढली. त्या गोळीनं तिला चालताना भिंत धरावी लागायची.

ती न्हाणीत काय बोलत होती हे कारभारीला ठाऊक होतं. एकदा तो टॉवेल द्यायला गेला तेव्हा दार किलकिलं होतं. ती पाटावर बसून, केस मोकळे सोडून, आशाबाईच्या सुनेचा किस्सा सांगत होती. मुकादमासारखाच तिचाही आवाज काढून, हळू, रंगवून. समोर बादली होती. त्याला बघून ती थांबली, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा नीट त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "इथं आल्यावर तेवढा डोक्यावरचा पदर खाली येतो बघा. मंग तोंड आपुआप चालतं." तो टॉवेल देऊन आला. त्यावर काय करायचं असतं? नानांना काय सांगणार होता? की तुम्ही श्वास घेता म्हणून तिला घेता येत नाही? आणि डॉक्टरांना फोन करून सांगायचं तर ते नानांपुढंच विचारणार. दोन्ही टोकांना तोच माणूस होता.

ती पडली त्या सकाळी कारभारी दूध आणायला गेला होता. परत आला तेव्हा नाना खुर्चीत, अस्वस्थ, काठी फरशीवर आपटत. "धाकलीची आंघोळ लई लांबली रे आज." न्हाणीचं दार लोटलेलं होतं. ती ओल्या फरशीवर कुशीवर पडलेली, मांडी वाकडी झालेली, ओठ दातांत धरलेले. ओठातून रक्त आलं होतं. शुद्धीवर होती. दार ते खुर्ची, मधे एक खोली आणि एक पडदा. नानांनी दार वाजवलं नाही, कारण आत भावजय आंघोळीला. तिनं हाक मारली नाही. दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तिनं ते सांगितलं. तिथं नाना नव्हते आणि ती घडाघडा बोलत होती, बाजूच्या खाटेवरच्या बाईशी, आयाशी, झाडूवाल्याशी. आया म्हणाली होती, "आज्जी लईच बोलक्या हायत तुमच्या." कारभारीनं तिला विचारलं, "वरडली का नाय गं?" ती म्हणाली, "भाया हुते की भायेर. आन् मी उघडी. कशी हाक मारू?" तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. पाऊस आला म्हणून आत आले, असं सांगावं तसं ती म्हणाली. पद्मजाताई भेटायला आल्या तोवर ऑपरेशन होऊन छातीत कफ भरला होता आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांना ती शेवटपर्यंत मुकीच दिसली.

घरी आला तेव्हा नाना लसूण सोलत बसले होते. सरू गेल्यापासून दोघं भाऊ मिळून स्वयंपाक करत. नानांची बोटं थरथरत, साल निघता निघत नसे, पण त्यांना कामाला हात लावल्याशिवाय जेवण जात नसे. "मेथी नाय मिळाली?" "नाय." "असू दे. पिठलं टाकू." मग वर न बघता म्हणाले, "वाळलास रे तू. त्या ताईंना बोलावून घे. तुलाबी एखादी गोळी देतील." कारभारी म्हणाला, "बुधवारी येणार हायत." "बेस झालं. मी बसतो संगं." कारभारी त्यांच्या टाळूकडं बघत राहिला. विरळ पांढरे केस, खालची गुलाबी कातडी, लहान लेकरासारखी. या माणसानं आपल्यासाठी चपला घेतल्या. या माणसापुढं सांगायचं की तुमच्या रीतीखाली ती गेली? आणि नाही सांगितलं तर शनिवारी ती कायमची मुकी होणार. जी बाई खडी फोडताना शंभर बायांना हसवायची तिच्याबद्दल शेवटचं जे काही कुठं बोललं जाईल, ते हे असेल. तो मनात वाक्य जुळवत राहिला. नाना, तुम्ही जरा आत बसा. एवढंच. पाच शब्द. जेवताना, हात धुताना, अंथरूण टाकताना जुळवत राहिला. जिभेवर येईपर्यंत त्याचं वजन वाढायचं.

बुधवारी पद्मजाताई आल्या. नाना धुतलेला सदरा घालून खुर्चीत. शेंगा पुढं केल्या. कारभारी, नकळत, भिंतीला पाठ लावून खाली बसला. "काका, वर बसा ना." "ऱ्हाऊ द्या. इथं बरं वाटतं." त्यांनी पर्स बाजूला ठेवली. मग सरूबद्दल चांगलं बोलल्या, मनापासून. किती सोशिक होत्या, डोळ्यांत किती माया होती. "त्यांचा आवाज मात्र ऐकायचा राहिलाच," त्या म्हणाल्या. कारभारीनं तोंड उघडलं. वाक्य तिथंच होतं. ते बाहेर यायच्या आत नानांनी काठी खाली टेकवली.

"ताई, तुमचं काय घेऊन बसला? मी पन्नास वर्षांत आयकला नाय तिचा आवाज." त्यांचा चेहरा अभिमानानं उजळला होता. "पन्नास वर्षं. एक शबुद नाय. असली बाई आता दिवा लावून हुडकली तर घावणार नाय."

पद्मजाताईंचा शेंग धरलेला हात थांबला. "पन्नास वर्षं? म्हणजे... आजारी पडायच्या आधीपासून?"

"आधीपासून म्हंजी? लग्न होऊन आली तवापासून!" नानांना त्यांच्या अज्ञानाचं हसू आलं. "भायापुढं बाई बोलती व्हय ताई? तुमी शहरातल्या. तुमाला नाय कळायचं."

पद्मजाताईंनी मान वळवून कारभारीकडं पाहिलं. रंग उतरला होता. हुशार बाई, सगळं एका क्षणात मागं मागं जाऊन तपासत असावी. सोमवार, फरशीची फट, न्हाणी. "काका," त्या म्हणाल्या, "काकू बोलायच्या?"

"बोलायची," कारभारी म्हणाला. "लई बोलायची."

नाना त्याच्याकडं वळले. "कुणासंगं?"

"माझ्यासंगं. वहिनीसंगं. शेजारणीसंगं. तुमी नसले की."

"आसं?" नाना म्हणाले. रागावले नाहीत. डोळे मोठे करून, शेजारच्या गावाला पाऊस झाला का विचारावं तसं त्यांनी कुतूहलानं विचारलं, "काय बोलायची?"

कारभारीला वाटलं, काहीही सांगता येईल. तुमचं चांगलं बोलायची, असं सांगता येईल, आणि ते खोटंही नव्हतं. पण तोंडात दुसरंच आलं आणि तो थांबला नाही. "म्हणायची, न्हाणीत गेल्यावर तेवढा डोक्यावरचा पदर खाली येतो. म्हणून तिथं बोलायची. तुमाला ऐकू यायचं ते तेच. ती कुणाचे आवाज ऐकत नव्हती, नाना. आन् पडली तवा शुद्धीवर हुती. तुमी भायेर हुते म्हणून हाक नाय मारली."

नाना शेंगांच्या ताटलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी दार वाजवायचं म्हणत हुतो." थोड्या वेळानं पुन्हा, "भावजय आत. कसं वाजवावं?"

"व्हय," कारभारी म्हणाला.

"मला तर वाटायचं, ती बरी हाय हितं."

काठीवर जोर देऊन ते उठले. उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. कारभारी हात द्यायला पुढं झाला नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मागं दार ओढून घेतलं. या घरात आलेल्या कुणासाठीही त्यांनी ते दार कधी लावलं नव्हतं.

खुर्ची रिकामी झाली. एवढंच पाहिजे होतं. एक रिकामी खुर्ची आणि एक लोटलेलं दार, एखाद्या सोमवारी, अर्धा तास. त्याला डॉक्टर लागत नव्हता, नर्स लागत नव्हती, माणसांची साखळी लागत नव्हती.

पद्मजाताईंनी हातातली शेंग ताटलीत परत ठेवली. पर्स जवळ ओढली, मग सोडली. "काका, शनिवारचं मी बघते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ही केस नको मांडायला. राहू दे."

"मांडा की," कारभारी म्हणाला. "आता तर तुमाला कळलं."

त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पंखा चालू होता, त्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि कारभारीला त्यांची कीव आली नाही. मग, समोर माणूस आहे तर काहीतरी विचारलं पाहिजे म्हणून, किंवा दुसरं काही येतच नव्हतं म्हणून, त्या म्हणाल्या, "झोप लागते का काका?"

खोलीत आता दोघंच होती.